पायी नेलेली नळी

“मॅडम, आता कशाची वाट पाहायची?”

नवशिक्या डॉक्टर तन्मयच्या हातात पोटॅशियम उतरवणारं इंजेक्शन भरून तयार होतं. पोरगा विद्यापीठात पहिला आलेला, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

कॉटवरच्या अनसूयाबाईंना दहा वर्षांपासून रक्ताचा कर्करोग होता, सावकाश वाढणारा. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या आत असतात. त्यांच्यात चार लाख होत्या. रक्तातलं पोटॅशियम पाचाच्या आसपासच हवं, आज रिपोर्टमध्ये ते आठच्या वर आलं होतं. एवढ्यानं हृदय बंद पडतं.

अनसूयाबाई वेणी घालत होत्या.

“काय रं लेकरा, घाम फुटलाय तुला,” त्या म्हणाल्या.

डॉ. मालिनी वर्तकांनी त्यांची नाडी धरली. बराच वेळ... मग हृदयाचा आलेख पाहिला. त्यात काही वावगं नव्हतं.

“रक्त प्रयोगशाळेत कसं गेलं?”

“मोटारसायकलवरून. नेहमीसारखं.”

“रस्ता कसा आहे?”

“खड्डेच खड्डे. पण मॅडम, हे इंजेक्शन...”

“उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. ठेव ते इथे.”

मॅडमनी स्वतः रक्त काढलं आणि नळी त्याच्या हातात दिली.

“चालत जा. हिसका बसू देऊ नकोस. समोर उभा राहून तपासून घे.”

“मी? चालत? आणि तेवढ्यात या गेल्या तर?”

“मी बसते ना.”

मॅडमनी स्टूल कॉटजवळ ओढलं, इंजेक्शन हाताशी ठेवलं आणि नजर हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या यंत्रावर लावली.

पहिला आलेला विद्यार्थी दोन्ही हातांत नळी धरून भर बाजारातून निघाला. भाजीवाल्या हसल्या. त्याला राग आला, पण त्यानं हात हलू दिला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

तासाभरानं तो परतला.

“साडेचार,” तो म्हणाला. “अगदी व्यवस्थित.”

“मग ते आठ कुठून आले?”

“या आजारातल्या पांढऱ्या पेशी नाजूक... खड्ड्यांनी नळीतच फुटल्या. त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलं. बाईंच्या अंगात ते वाढलंच नव्हतं.” त्यानं कॉटजवळच्या इंजेक्शनकडे पाहिलं. “आणि मी ते उतरवायला निघालो होतो. फार उतरलं तरी हृदय बंद पडतं. मारलं असतं मी त्यांना.”

“हं.”

“तुम्हाला सगळं आधीच ठाऊक होतं.”

मॅडमनी भरलेलं इंजेक्शन उचलून कचऱ्यात टाकलं.

“ठाऊक असतं, तर तुला चालायला कशाला लावलं असतं?”