माऊलीच्या मुखाची वाळू

कितीतरी पिढ्यांमागची गोष्ट सांगते. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर ऐकावीच.

समुद्राच्या काठी एक टेकडी होती. टेकडीवर माऊलीचं देऊळ बांधणं चाललं होतं. बाळ येशूला कडेवर घेतलेली ती माऊली. नवस फेडायला सात गावांची माणसं अनवाणी चढून तिच्याकडे यायची. आधीचं देऊळ कुडाचं होतं, आता दगडाचं होत होतं. दोन अंगांना घंटांचे दोन मनोरे, मध्ये उंच कमान, आणि वेदीच्या मागे उभ्या धरलेल्या नारळाच्या वाटीसारखा अर्धा घुमट.

त्या वाटीच्या आतल्या अंगाला माऊलीचं चित्र व्हायचं होतं. रंगाचं नव्हे हं! नखाएवढ्या रंगीत काचांचं आणि दगडांचं. एकेक तुकडा ओल्या चुन्यात बोटाने दाबून बसवायचा. लाखभर तुकडे बसले, की दारातून बघणाऱ्याला माऊली दिसणार.

या कामाला एक कारागीर आला होता. हात असा, की काचेचा तुकडा त्याच्या चिमटीत आला की जिवंत व्हायचा. पण त्याचे डोळे विझत चालले होते. सकाळी नीट दिसायचं, उन्हं कलली की धुकं दाटायचं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याची एकच आस उरली होती. माऊलीचं मुख आपल्या हाताने घडवावं, आणि अंधार होण्याआधी दारात उभं राहून एकदा डोळे भरून बघावं.

त्या देवळाची एक रीत होती. चुन्यात वाळू मिसळायची ती नदीचीच. समुद्राच्या वाळूत मीठ असतं. ते भिंतीत ओल धरतं, आणि चुना आतून फुगून भुसभुशीत होतो. म्हणून वाळूची पाटी आली की आधी एका म्हातारीपुढे ठेवायची. ती चिमूटभर वाळू जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची, मग थुंकायची. "गोडी" म्हणाली की पाटी चुन्यात. "खारी" म्हणाली की पाटी टेकडीखाली.

माऊलीचे पाय झाले, निळा झगा झाला, कडेवरचं बाळ झालं. सगळं चाखलेल्या वाळूत. दहा पाट्यांतल्या चार म्हातारी परत धाडायची. कारागीर कातावायचा.

"आजीबाय, तुझ्या जिभेपायी हे देऊळ माझ्या नातवंडांच्या लग्नापर्यंत चालेल."

"चालू दे की! माऊलीला कुठे गावाला जायचंय?"

वैशाखात नदी आटली. गोडी वाळू आणायला बैलगाडीला दोन दिवस वर जावं लागायचं. आणि नेमकं मुख तेवढं राहिलं होतं. एका सकाळी कारागीर उठला, तर डोळ्यांपुढे सकाळचंच धुकं! तो मनाशी म्हणाला, गाडीची वाट बघत बसलो, तर हे मुख दुसराच कुणी घडवेल.

टेकडीखाली समुद्राच्या पुळणीवर वाळूच वाळू. त्याने स्वतः पाटी भरली. वर नदीच्या जुन्या वाळूचे दोन पसे पसरले आणि पाटी म्हातारीपुढे ठेवली.

तिने चिमूट घेतली, डोळे मिटले. "गोडी. आता तळातली दे बघू."

"तळातलीही? भूक लागलीय का आजीबाय? भाकर आणून देऊ?"

गवंडी खो खो हसले. म्हातारीही ओशाळून हसली. "ने बाबा. तू स्वतः आणलीस, मी कशाला संशय घेऊ?"

अशा चार पाट्या चढल्या. मुख पुरं झालं. देवळाच्या फादरांनी पुढे पांढरा पडदा सोडला. सणादिवशीच उघडायचा, म्हणाले. कारागिराने ते मुख वीतभर अंतरावरून, निम्मं बोटांनीच घडवलं होतं. दारातून ते कसं दिसतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

चार दमट महिने गेले. सण उजाडला. सात गावं टेकडीवर लोटली. कारागिराने गार पाण्याने डोळे धुतले आणि तो दारात येऊन उभा राहिला. घंटा वाजल्या. फादरांनी दोरी ओढली.

आधी नुसता आवाज आला. सुपातून तांदूळ ओतावेत तसा. मग पडदा घसरला, आणि त्याच्याबरोबर माऊलीचं कपाळ घसरलं. मग नाक. मग ओठ. निळा झगा जागच्या जागी, बाळ जागच्या जागी, आणि वर मुखाच्या ठिकाणी पांढरा खड्डा! त्या खड्ड्यात एक डोळा तेवढा चिकटून होता. सगळ्यांच्या देखत तोही सुटला आणि फरशीवर फुटला.

गाणाऱ्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. एका बाईने आपल्या लेकराचे डोळे झाकले. मग मागून कुणीतरी ओरडलं, "वाळू कुणी चाखली?"

सगळ्या माना म्हातारीकडे वळल्या. ती उठली. जीभ बाहेर काढून पदराने खसाखसा पुसू लागली.

"जळो ही जीभ! मी माऊलीचं तोंड खाल्लं गं बायांनो! मी खाल्लं!"

"टेकडीवरून खाली घाला हिला!" लोक पुढे सरकले.

कारागिराने भिंत धरली. गप्प राहिलं तर त्याचं नाव राहत होतं. पण ती म्हातारी जीभ पुसायची थांबेना. ओठातून रक्त आलं तरी थांबेना.

"सोडा तिला!" तो किंचाळला. "वरची वाळू गोडी होती. खालची मी पुळणीवरून भरली. मी!"

लोकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू माऊलीचा तो डोळा पुन्हा एकदा फुटला.

फादर एवढंच म्हणाले, "बाबा, चार दिवस थांबला असतास तर गाडी आली असती."

दुसऱ्या गावाहून दुसरा कारागीर आला. मुख पुन्हा घडलं, या वेळी तळापर्यंत चाखलेल्या वाळूत. तोवर या पहिल्याच्या डोळ्यांत मिट्ट काळोख झाला होता. पुढच्या सणाला पडदा उघडला, माणसं गुडघ्यांवर आली, रडली. हा दारात चाचपडत उभा होता. शेजारी म्हातारी होती.

"आजीबाय," त्याने हळूच विचारलं, "कशी दिसते गं?"

म्हातारीने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"घट्ट आहे," ती म्हणाली.

म्हणून सांगते, ज्या सुखासाठी लबाडी करावी, लबाडी आधी तेच गिळते.