सोनचाफ्यासाठी उघडलेलं घर

एक होती राणी, आणि तिला होता एक हट्ट. महालाच्या खिडकीखाली सोनचाफा हवा. रोप नको, बरं का. लावून वाट कोण बघणार? कळ्या धरलेलं झाडच हवं!

राणीचा माळी होता राणोजी. त्यानं हात जोडले. "राणीसाहेब, कळ्यांवर आलेलं झाड हलवू नये. जगत नाही."

"उद्या सकाळी वास आला पाहिजे," राणी म्हणाली. "नाहीतर गाव सोड."

मग काय करतो बिचारा? गेला रानात. तिथं माणसाएवढा एक चाफा होता, त्याच्याभोवती खणायला लागला. मुळं कटाकट तुटली. तसा झाडातून आवाज आला, "माझी मुळं तोडलीस ना? आता ती तुला फुटतील. मी पुन्हा रुजून फुललो, तर सुटशील. मी वाळलो, तर तूही वाळशील."

राणोजी झाडाला भ्याला, पण राणीला जास्त भ्याला. झाड नेऊन लावलं. सकाळी बघतात तर चाफ्यानं मान टाकलेली. राणीनं नाक मुरडलं, झाड भिंतीपलीकडे फेकायला लावलं आणि राणोजीला दिलेला दम विसरूनही गेली.

राणोजी घरी आला. चुलीपाशी जेवायला बसला, तो काही उठेचना. त्याची लेक येसू हात धरून उठवायला गेली. बघते तर काय, बाच्या पायांना मुळं फुटलेली, आणि ती सारवलेल्या जमिनीत शिरलेली!

मग राणोजीनं सगळं सांगितलं. येसूची आई सगुणा त्याच्या पायांशी बसली. येसू मात्र धाकट्या म्हादूला घेऊन महालामागं धावली. चाफा उन्हात पडला होता. बहीणभावांनी त्याची मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि ओढत ओढत झाड घरी आणलं.

तिघांनी ते अंगणात लावलं. आईनं खड्डा खणला, येसूनं बुंधा धरला, म्हादूनं तांब्या तांब्या पाणी घातलं. पण ऊन होतं वैशाखाचं. दुपार झाली आणि पानं गळायला लागली. आतून बा म्हणाला, "येसू, मला हात उचलवत नाही गं."

मग तिघांनी मातीच्या गड्ड्यासकट झाड काढलं, मोठ्या पाटीत ठेवलं आणि घरात आणलं. सावलीत पानगळ थांबली. पण घरात उजेड कुठला? एवढासा झरोका. पानं पिवळी पडत चालली. बाचे डोळेही पिवळे पडले.

मग ठरलं. कोवळ्या उन्हात झाड बाहेर न्यायचं, ऊन चढलं की आत. रोज तिघांनी पाटी उचलायची. हात भरून यायचे. आणि एक दिवस काय झालं, उंबऱ्यात म्हादूचा पाय अडखळला. पाटी कलंडली. गड्डा फुटला. आत बा "आई गं!" असं ओरडला, आणि त्यानंतर त्याचं बोलणंच बंद झालं.

"मी पाडलं," म्हादू रडायला लागला. "मीच पाडलं."

आईनं त्याला पोटाशी धरलं. "नाही रे राजा. थकलोय आपण सगळेच."

येसू बाच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आई, आता हलवायचं नाही. इथंच लावू, बाच्या शेजारी."

"आणि उजेड गं?"

येसूनं वर बघितलं. "छप्पर काढू."

"अगं, घर उघडं पडेल! पाऊस आला म्हणजे?"

"बाच गेला तर झाकायचं काय, आई?"

आई उठली, शिडी लावली आणि गवताची पहिली पेंढी खाली टाकली.

चुलीशेजारी खड्डा झाला, चाफा उभा राहिला. भर दुपारी वर आईचं जुनं लुगडं ताणायचं, ऊन उतरलं की काढायचं. पण दिवसामागून दिवस गेले, झाड आपलं काडीसारखं उभं. सगळी पानं गळली. बाचा श्वास एवढासा झाला.

"साल जरा खरवडून बघ," आई म्हणाली. "आत हिरवी असली तर जीव आहे."

येसूचा हात पुढं होईना. तपकिरी निघाली तर? शेवटी डोळे मिटून तिनं नख लावलं. मग एक डोळा उघडला. हिरवं होतं, बरं का! तांदळाएवढं, पण हिरवं!

मग तिथंच एक कोंब फुटला. बाचे ओठ हलले. "पाणी," तो म्हणाला. म्हादूनं अर्धा तांब्या बाला पाजला, अर्धा चाफ्याला घातला. मग पानं आली, बाचे हात हलले. मग कळी आली. ती उमलली त्या सकाळी बाच्या पायांची मुळं जुन्या सुतासारखी गळून पडली. येसूचा खांदा धरून तो उभा राहिला.

वास पार महालात पोचला. राणीची पालखी दारात आली. "हे झाड मला दे."

म्हादूनं बुंध्याला मिठीच मारली. राणोजी म्हणाला, "राणीसाहेब, गाव सोडीन, पण याला हात लावणार नाही. वास हवा तर इथं येत जा."

राणीनं उघडं छप्पर बघितलं, राणोजीच्या पायांवरचे वळ बघितले. खाली उतरली आणि जमिनीवर बसली. मग रोज यायला लागली.

पावसाळ्याआधी छप्पर शाकारलं, चाफ्यापुरतं आभाळ मोकळं ठेवून. पाऊस आत यायचा, तेवढं अंथरूण बाजूला सरायचं. तशीच सगळी सुखानं राहिली.

हलताहेत ना सगळ्यांचे पाय? मग घ्या पांघरुणात, आणि निजा आता.