एकवीस कळ्यांचा मोदक

दिग्दर्शक विश्वंभर केणींनी सिनेमा काढला: गुहागरची पोर, जपानी चोर आणि त्यांचं प्रेम. युनिटला आणि निर्मात्यांना तो दाखवल्यावर स्वयंपाक करणाऱ्या सुलभाकाकूंनी विचारलं, "पण त्यानं चोरलं काय? आणि हिला तो आवडला कशानं?"

केणी सगळ्यांदेखत गरजले, "काकू, फ्रेम बघा, रंग बघा! गोष्ट कसली शोधता? तुम्ही आपले मोदक वळा!"

काकूंनी वळले. दुसऱ्या दिवशी जेवायला निर्मातेही होते. केणींच्या पानात एकवीस नाजूक कळ्यांचा देखणा मोदक पडला. घास घेताच केणी ओरडले, "काकू, आत सारणच नाही!"

तुपाची वाटी पुढे करत काकू म्हणाल्या, "साहेब, कळ्या बघा, कळ्या! सारण कसलं शोधता?"

निर्माते पोट धरून हसले. "केणी, प्रदर्शन पुढे ढकला. आधी सारण भरा!"