हौशीने मागितलेला आवाज

पोरांनो, ही गोष्ट रडवणारी आहे. गोड करून सांगायला मला जमत नाही, तेव्हा आईचा पदर हाताशी धरून ऐका.

रानाच्या काठाला, तांबड्या मातीच्या एका खोपटात हौशी नावाची पोर राहायची. बाप लाकडं तोडायला लांबच्या डोंगरात गेलेला. घरात हौशी, तिची पोटुशी आई आणि अनसाआत्या. आधीची दोन बाळं जन्मताच गेली, म्हणून या खेपेला आईने देवीला नवस बोलला होता. बाळाचं रडणं कानावर पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही! बायका एका दिवसाचं मौन धरतात, हिने महिनोन्‌महिने धरलं. घर अगदी मुकं मुकं झालं.

मग हौशीच बोलायची. वाण्याच्या पुड्यांचे कागद ती हलकेच सोडवायची, मांडीवर सपाट करायची आणि आईच्या पोटाशी तोंड नेऊन त्यावरच्या गोष्टी वाचायची. हत्तीण आंघोळीला निघाली की नेमका कागद फाटलेला. मग पुढची आंघोळ हौशी आपल्या मनानेच घालायची.

आत्या म्हणायची, "अगं, त्याला कान तरी फुटलेत का? भिंतीला वाचून दाखव, ती तरी हुंकार देईल."

आई पदरात तोंड लपवून बिनआवाजी हसायची, आणि पोटातलं इवलंसं पाऊल टुणकन लाथ मारायचं.

एका सकाळी बाळ जन्मलं. मुलगा. ट्यां केलं त्याने. आईने इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं.

"रडलं ना गं?" एवढंच तिने विचारलं. मग तिचे डोळे मिटले, ते मिटलेच.

हौशीने सगळे कागद चुलीमागे खुपसले. आता वाचायचं कुणासाठी?

बाळ दूध घेईना. आत्याने शेळीच्या दुधात कापसाचा बोळा बुडवून ओठांना लावला, त्याने मान फिरवली. आईच्या मऊ लुगड्यात गुंडाळलं, तरी रडणं थांबेना. लेकरू आईचा आवाज शोधतंय, असं म्हणत आत्या डोळे पुसत राहिली.

हौशी रानात धावली आणि कुड्याच्या झुडपाखाली रडत बसली. वर पांढरी फुलंच फुलं. त्यातलं एक फूल लुकलुकलं आणि आतून परी उतरली. परी गोरीपानच असते असं कुणी सांगितलं तुम्हाला? ही चिंचोक्याच्या रंगाची होती, पंख चतुराचे, निळे-हिरवे, झिरझिरीत.

"गेलेलं माणूस मला आणता येत नाही," परी हळूच म्हणाली. "दुसरं काहीही माग. पण त्याच्या बदल्यात तुझं तसलंच काही माझ्याकडे ठेवायचं. तुझं तुला परत हवं झालं तर माझं मला द्यायचं, आणि ते पुन्हा कधी मिळायचं नाही."

"आईचा आवाज माझ्या गळ्यात घाल. माझा तू ठेव."

घरी येऊन हौशीने बाळाला हाक मारली, तशी आत्याच्या हातून वाटीच निसटली. हुबेहूब आईचा आवाज! हौशीने स्वतःलाच हाक मारून पाहिली. आईची ही हाक किती महिन्यांनी ऐकत होती ती! ऐकून पोटभर रडली.

बाळ मात्र जास्तच किंचाळलं. अंगाई म्हटली, त्याने तोंड फिरवलं. ऊन कलता कलता त्याचं रडणं मांजराच्या पिलासारखं बारीक झालं. मग तेही थांबलं. चिमुकले तळवे गार पडू लागले.

ते तळवे हातात धरून हौशी बसली आणि तिच्या काळजात लख्ख झालं. आई तर त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती! त्याने पोटात ऐकलं ते दुसरंच कुणी होतं.

ती पुन्हा कुड्यापाशी पळाली. परी वाटच बघत होती.

"जरा थांब," हौशी म्हणाली. मग स्वतःलाच, आईच्या आवाजात, तिने विचारलं, "हौशे, जेवलीस का गं?"

उत्तर तिने नुसत्या मानेने दिलं. जेवले, म्हणून. जेवली कुठे होती!

"पुन्हा मिळायचा नाही हं," परी म्हणाली.

"ठाऊक आहे. घे."

हौशी घरी पोचली तेव्हा अंधारून आलं होतं आणि दिव्यात तेल नव्हतं. तिने चुलीमागचा एक कागद ओढला, दारातल्या उरल्यासुरल्या उजेडात धरला आणि आपल्या घोगऱ्या, रडून बसलेल्या आवाजात वाचू लागली.

बाळाने डोळे उघडले. मान वळवली, थेट तिच्याकडे. आत्याने घाईने बोळा पुढे केला, आणि चुटुचुटु, चुटुचुटु, ते दूध ओढू लागलं.

पण दारातला उजेड विझत चालला. अक्षरं दिसेनात, हौशीचं वाचन अडखळलं, तसं बाळानेही ओढणं थांबवलं.

मागोमाग आलेली परी उंबऱ्यावर उभी होती. तिचे निळे-हिरवे पंख आधी उजळले, मग हात, मग चिंचोक्याच्या रंगाचं ते इवलं तोंड. सगळीच्या सगळी ती उजेड झाली, त्या फाटक्या कागदावर सांडली आणि नाहीशी झाली.

उजेड कुठून आला, ते हौशीने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. बाळ पीत होतं आणि ती पुढची ओळ वाचत होती.