हौसाबाईची तिसरी पंगत

एका राज्यात राजाच्या पंगतीचे पाट मान पाहून मांडले जात, आणि ते मांडण्याचा अधिकार एकट्या हौसाबाईचा होता. राजाशेजारी कोण, दाराशी कोण, सगळं तिला तोंडपाठ. आपल्या हातून चूक म्हणून झाली नाही, असं ती सांगत असे.

आणि त्याच राज्यावर शाप पडला हो! कालंजर नावाचा मांत्रिक भरल्या पानावरून उठला आणि म्हणाला, "यापुढे या पंगतीत पोकळ बोलेल तो दगड होईल. तिसऱ्या पंगतीपर्यंत कुणी मनातलं बोललं तर सुटाल. नाहीतर दगड ते दगडच."

पहिल्या पंगतीत प्रधान "वा, काय बासुंदी!" म्हणाले आणि वाटी हातात धरून दगड झाले. दुसरीत अकरा मानकरी गेले. वाढायला हौसाबाईची लेक गोजरी होती. ती सवयीने "सावकाश होऊ द्या" म्हणाली आणि कमरेपर्यंत दगड झाली. दगड रोज वर चढू लागला.

राजा भद्रसेन म्हणाला, "तिसरी पंगत सातव्या दिवशी. तूच मांड."

कौलावर टिटवी बसली होती. ती बोलली, "बाई, तीन ठिकाणी जा. माणसं मनातलं कुठे बोलतात, ते बघून ये."

हौसाबाई नदीवर गेली. धुणं आपटता आपटता बायका पोटातलं सगळं बोलत होत्या. हातांना काम होतं, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. मग ती नावेत बसली. तिथे सरदार आणि बुरूड गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. नाव डुलली की दोघेही सारखेच घाबरत, आणि पैलतीर येईपर्यंत एकमेकांना घरची दुःखं सांगून मोकळे झाले. दोन्ही गोष्टी तिने मनात बांधून घेतल्या.

तिसऱ्या ठिकाणी टिटवी तिला काळ्या डोंगरात घेऊन गेली. तिथे झाडाचं पान हलत नव्हतं. स्वतःच्या पावलांचाही आवाज येत नव्हता. समोर कालंजराचं घर, आणि उंबऱ्याशी लहान मुलाच्या वहाणा.

"आलीस?" कालंजर म्हणाला. "त्या दिवशी दारात मी तुला काय सांगितलं होतं?"

हौसाबाईने मान खाली घातली. तिला आठवत होतं. रोज आठवत होतं.

"ते पंगतीत सांग. राजासमोर."

सातव्या दिवशी पाट नव्हते. एकच जाजम, त्यावर राजासकट सगळे गोल, गुडघ्याला गुडघा लावून, आणि पुढ्यात सोलायला पावट्याच्या शेंगा. भीतीने कुणी तोंड उघडेना. गोजरीच्या हनुवटीला दगड टेकला होता. हौसाबाई जन्मात पहिल्यांदा पंगतीत बसली.

"महाराज, शाप माझ्यामुळे लागला," ती म्हणाली. "कालंजर मला दारात म्हणाले, 'बाई, मुलगा जाऊन दोन महिने झाले. घरी एकट्याला घास उतरत नाही, म्हणून आलो.' मागे मानकरी खोळंबले होते. मी म्हणाले, 'बरं बरं, तुमचं पान दाराशी मांडलंय.' आणि आजवर गप्प बसले."

राजाच्या हातातली शेंग तशीच राहिली. आता हिचं डोकं जाणार, असं सगळ्यांना वाटलं.

"त्यांनी पानाला हात लावला नाही, ते मी पाहिलं होतं," राजा हळूच म्हणाला. "विचारायचं कसं, कळेना. माझी आई गेली तेव्हा मलाही कुणी विचारलं नव्हतं."

मग एकेक जण बोलू लागला. शेंगा सोलल्या जात होत्या. इतक्यात मागून आवाज आला, "आई गं, पाय किती दुखतायत!"

हौसाबाई लेकीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. प्रधानांच्या हातून वाटी खाली पडली. शाप सुटला.

पुढच्या पंगतीला कालंजर पुन्हा आला. मागे मानकऱ्यांची रांग होती. हौसाबाईने त्याचा हात धरला आणि विचारलं, "मुलाचं नाव काय हो?"

तो उंबऱ्यावरच बसून सांगू लागला. आत पानं निवली, तरी राजा थांबून राहिला.