सारसांचे पोट कोण भरते?

फार पूर्वीची गोष्ट आहे, माणसे पक्ष्यांच्या पाठीवर बसून प्रवास करत तेव्हाची. डोंगराळ मुलखात एक राजा होता. त्याने सात थोरले सारस पाळले. एकेक सारस दोन माणसांना घेऊन घाटापलीकडच्या बाजारात अर्ध्या प्रहरात पोचवी. लोकांना नवल वाटले, राजाला अभिमान वाटला. बघता बघता सातांचे सत्तर झाले आणि तीन वर्षांत सातशे.

भाडे अगदी थोडे होते. दर दसऱ्याला अमात्य मोहरांनी भरलेली पेटी दरबारात उघडून दाखवी आणि सांगे, की सारस राज्याला भरघोस नफा देत आहेत.

त्याच घाटात गोजरा नावाची विधवा खेचरांचा तांडा चालवत होती. चारा ती स्वतःच्या कमाईतून घेई, म्हणून सारसांइतके स्वस्त भाडे तिला परवडत नसे. बाकीच्या खेचरवाल्यांनी हळूहळू जनावरे विकून टाकली. गोजराने मात्र आपली वीस खेचरे राखली.

एका दसऱ्याला अमात्याने सुचवले, की आता घाटवाटेची डागडुजी कशाला करायची? गोजरा दरबारात उभी राहिली.

"पेटी खरी आहे, अमात्यजी. पण या सारसांचं पोट कोण भरतं?"

अमात्य हसला. दाणे राजाच्या कोठारातून येतात, आणि बाप काही लेकाकडून जेवणाचे पैसे घेत नाही, असे त्याने सांगितले. एक वयस्कर व्यापारी मात्र समजुतीने बोलला. सारसांमुळे बाजार वाढला, आजारी माणसे वेळेवर वैद्याकडे पोचली, हा लाभ नव्हे का, असे त्याने विचारले.

"तो मी नाकारत नाही, शेठजी," गोजरा म्हणाली. "सेवा म्हणा, सोय म्हणा, मी हात जोडीन. पण खाल्लेले दाणे मोजल्याशिवाय नफा म्हणू नका. ते दाणे रयतेने भरलेल्या साऱ्याचे आहेत."

राजाचा चेहरा लाल झाला. शब्द मागे घे, नाहीतर तुझी खेचरे या घाटात पाऊल टाकणार नाहीत, असे त्याने बजावले. गोजराचे तांड्यातले सोबती तिला खाली बसायला खुणावत होते.

"घाट तुमचा आहे, महाराज. तो घ्या," ती म्हणाली. "शब्द माझा आहे. तो राहू द्या."

त्याच दिवशी ती खेचरे घेऊन सीमेपलीकडच्या सखल मुलखात निघून गेली.

पुढे दोन वर्षे पाऊस पडला नाही. रयत धान्यासाठी कोठारापाशी आली. दार उघडले तेव्हा आत मागची भिंत दिसत होती. वर्षानुवर्षांचा साठा सारसांनी फस्त केला होता. दाणे संपताच त्यांतले बहुतेक एकेक करून दूरच्या तळ्यांकडे उडून गेले. बाहेरून धान्य आणावे, तर डागडुजी थांबल्यामुळे घाटवाटेवर रान माजले होते.

गोजराच्या कानावर हे गेले. सखल मुलखातल्या व्यापाऱ्यांनी तिच्या शब्दावर धान्य दिले. परवानगीची वाट न पाहता ती रान तोडत घाट चढली. नाक्यावरच्या शिपायाने तिला राजाच्या हुकमाची आठवण करून दिली.

"हुकूम माझ्या ध्यानात आहे," ती म्हणाली. "गावात पोरं उपाशी आहेत, हे तुझ्या ध्यानात आहे का?"

शिपायाने वाट अडवणारा आडवा वासा काढला. दुष्काळ सरेपर्यंत वीस खेचरे त्या घाटात ये-जा करत राहिली. गोजराने भाडे नेहमीचेच घेतले, एक कवडीही जास्त नाही.

राजा स्वतः पायी तिला भेटायला आला आणि त्याने तिला अमात्यपद देऊ केले. तिने ते घेतले नाही. सारसांनी किती खाल्ले, ते अमात्याने भर दरबारात वाचून दाखवावे, एवढेच तिने मागितले. अमात्याने वाचले. दर एका मोहरेच्या कमाईमागे तीन मोहरांचे दाणे गेले होते. राजाने मान खाली घालून सारे ऐकले. मग तो उठला आणि म्हणाला, "हिने प्रश्न विचारला होता. मी उत्तराऐवजी शिक्षा दिली."

उरलेले थोडे सारस त्याने आजाऱ्यांसाठी ठेवले, आणि त्यांचा खर्च दरसाल उघडपणे खर्च म्हणूनच सांगितला.

ध्यानात ठेवावे ते एवढेच: स्वतःचे पोट भरून जो उरतो तोच नफा, आणि तो खरा आहे का असे विचारणारा राज्याचा वैरी नसतो.