पोपटाला न विचारलेले प्रश्न

एका रानाच्या कडेला, सावरीच्या झाडावर एक सुतारपक्षीण राहत असे. ससाण्याने तिच्या नवऱ्याला नेले, तेव्हापासून तिचा कोणावरच विश्वास राहिला नव्हता. पान हलले तरी ती "कोण आहे?" म्हणून ओरडे. वरच्या ढोलीत तिची तीन अंडी होती. ती किडे शोधायला गेली की अंडी एकटी पडत, म्हणून खालची रिकामी ढोली तिने भाड्याने द्यायचे ठरवले. भाडे एवढेच, की ती बाहेर असेल तेव्हा वरच्या दारावर लक्ष ठेवायचे.

त्या रानात पंचांचा एक कायदा होता. ढोली मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारायचे: आधी कुठे राहत होता, ती जागा का सोडली आणि तिथे तुम्हाला ओळखणारे कोण आहे? मग तिथे जाऊन खात्री करायची आणि जो आधी खरा उतरेल त्याला जागा द्यायची. सुतारपक्षिणीला हा कायदा अगदी भोळसट वाटे. "तोंड पाहिलं की मला सगळं कळतं," असे ती म्हणे.

सगळ्यांत आधी साळुंकी आली. "पिल्लं किती?" "चार." "मग जा बाई, मला कटकट नको." त्यानंतर पिंगळा आला. त्याचे वाटोळे डोळे पाहूनच सुतारपक्षीण दोन पावले मागे सरली. "रात्री का जागतोस? मान अशी का फिरवतोस? तुझ्या घरात कोणी चोर होता का रे?" पिंगळा शांतपणे म्हणाला, "बाई, मी ओढ्याकाठच्या आंब्यावर होतो. वादळात माझी फांदी मोडली. तिथल्या म्हाताऱ्या धनेशाला विचारा." पण तिने विचारले नाही. "असा गरीब चेहरा करणारेच डाव साधतात," असे पुटपुटत तिने त्याला हाकलले.

मग पोपट आला. हिरवागार, गळ्यात लाल कंठी, बोलणे लोण्यासारखे. पिंगळ्याला अरे-तुरे करणारी सुतारपक्षीण एकदम अहो-जाहोवर आली. "या ना, बसा. तुम्हाला काय विचारायचं? घरंदाज दिसताच आहात!" पोपट लाजल्यासारखा हसला आणि त्याच दिवशी राहायला आला.

चार दिवसांनी झाडाखाली लाकडाचा भुसा दिसू लागला. बालमित्रांनो, तिचा संशय कोणावर गेला असेल? अर्थातच पिंगळ्यावर! "तोच सूड म्हणून माझं झाड कुरतडतोय," असे म्हणून ती समोरच्या फांद्या न्याहाळत बसे. खालच्या ढोलीत मात्र तिने एकदाही डोकावून पाहिले नाही.

एके दिवशी ती लवकर परतली. तिने स्वतःच्या अंगाच्या मापाने कोरलेले वरचे दार दुप्पट मोठे झाले होते, आणि त्यातून कावळा अंडे घेऊन उडत होता. दुसरे आधीच गेले होते. पोपट दाराची कड कुरतडतच होता. "वरची खोली हवेशीर आहे हो," तो म्हणाला, "पण दार फारच अरुंद. मला आत शिरताच येईना." सुतारपक्षीण किंचाळली, "ही खोड आधी का नाही सांगितलीत?" पोपटाने पंख झटकले. "आंब्यावरून मला याचसाठी काढलं. धनेशाला ठाऊक आहे. पण तुम्ही विचारलंच कुठे?" आणि तो उडून गेला.

एक अंडे उरले. उघड्या दारामुळे तिला जागचे हलता येईना आणि पोटात तर भुकेने आग पडली. संध्याकाळी समोरून पिंगळा जाताना तिने हाक मारली, "अहो पिंगळेभाऊ, खालची ढोली रिकामी आहे. याल का?"

ते 'अहो' ऐकून पिंगळा समोरच्या फांदीवर उतरला. "मला जांभळीवर जागा मिळाली, बाई," तो म्हणाला. "तिथल्या मालकिणीने तीनच प्रश्न विचारले, मला आणि साळुंकीलाही. धनेशाकडे आणि साळुंकीच्या जुन्या शेजाऱ्यांकडे जाऊन आली आणि दोघांनाही एकेक ढोली दिली." एवढे बोलून तो आपल्या वाटेने गेला. सुतारपक्षीण उरलेले अंडे पोटाशी धरून उपाशीच बसून राहिली.

तात्पर्य : संशय घ्यायचाच तर तो सर्वांवर सारखा घ्यावा. जो प्रश्न एकाला विचारतो तोच दुसऱ्यालाही विचारावा, आणि उत्तर चेहऱ्यावर न शोधता जिथे ते मिळते तिथे जाऊन पडताळावे.